सगळी गाळी बाहेर

माझं उजवं फुप्फुस एका सकाळी काहीही कारण न देता बसलं. मी धारवाडच्या कोर्टात वकिली करतो. कारण न देता कुणी बसलं की माझा पारा चढतो, पण त्या दिवशी चढायला अंगात श्वासच नव्हता. बायकोने मला रायापूरच्या घरातून उचलून हुबळीच्या दवाखान्यात नेलं. फुप्फुसाला बारीक भोक पडलं होतं आणि तिथून निसटलेली हवा छातीत साठून त्यालाच दाबत होती. डॉक्टरांनी बरगड्यांमधून एक नळी आत सारली. तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेलं. आतली हवा बुडबुडे होऊन निघायची आणि पाण्यामुळे बाहेरची परत शिरायची नाही. शिवाय नाकात ऑक्सिजनच्या नळ्या. एवढा सरंजाम माझ्या लग्नातही नव्हता.

"मोठे श्वास घ्या, खोकला काढा, तरच फुप्फुस उघडेल," डॉक्टर म्हणाले. "नाही उघडलं तर ऑपरेशन."

ऑपरेशनला मी घाबरलो होतो, सरळच सांगतो. पण खोकल्यालाही तेवढाच घाबरत होतो. खोकलं की नळीच्या जागी जीव कळवळायचा. म्हणून मी चिमणीएवढे श्वास घेत पडून राही आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला "घेतो की" म्हणून वाटेला लावी. एखादा अशील माझ्याशी इतकं खोटं बोलता तर मी त्याचं वकीलपत्र सोडलं असतं.

बायको शाळेत शिकवते. ती शाळेत गेली की साताऱ्याहून आलेल्या सासूबाई माझ्यापाशी बसत. त्यांना कानडीचा गंध नाही. वॉर्डातल्या सिस्टर हावेरीकडच्या. सासूबाईंसाठी त्या हौसेने मराठी बोलत आणि शब्द अडला की कानडी घालत. आमच्याकडे सगळेच असं बोलतात, कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्या दिवशी त्यांनी बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "अम्मा, ह्यांची गाळी अजून आतच हाय बघा. सगळी गाळी बाहेर यायला पायजे. हे दाबून ठेवतात." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

गाळी म्हणजे कानडीत हवा. सासूबाईंना माहीत होती ती शिवीगाळीतली गाळी.

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांनी खाटेभोवतीचा पडदा ओढला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बघत म्हणाल्या, "जावईबापू, मी जरा बाहेर बसते. तुम्ही मोकळे व्हा."

"म्हणजे?"

"माझ्यासमोर कशा देणार म्हणून अडवून धरल्यात, कळतंय मला. पण जिवापेक्षा का मानपान मोठा?"

"आई, काय अडवून धरलंय?"

"शिव्या हो! सिस्टर बोलल्या ना."

मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर छातीत कळ, कळेबरोबर खोकला आणि खाली बाटलीत बुडबुड्यांची झुंबड. सासूबाई वाकून बघू लागल्या. "निघतायत! निघतायत की! थांबू नका!" माझ्या तोंडून शब्द निघेना. मी संकोचाने अडलोय असं समजून त्यांनीच सुरुवात करून दिली. बाटलीकडे बोट रोखून, "मेल्या, तुझा मुडदा बशिवला," इथपासून ज्या निघाल्या, ते पुढचं मी लिहू शकत नाही. देवपूजा केल्याशिवाय चहा न घेणारी ही बाई, आणि सुपारी कातरावी तशा एकेक शिव्या पडत होत्या. मी उशी छातीशी धरून हसत होतो, खोकत होतो, रडतही होतो.

आवाज ऐकून सिस्टर धावत आल्या. धापा टाकत मी त्यांना कानडीत झाला घोटाळा सांगितला, तशा त्या स्टुलावरच बसल्या. मग त्यांनी आपल्या मराठीत सासूबाईंना हवेची गोष्ट समजावली.

"अगंबाई, हवा होय!" सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. सिस्टर बाटली बघून म्हणाल्या, "असू द्या अम्मा. चालू ठेवा."

मग चालूच राहिलं. मोसंबी सोलता सोलता त्या हळूच बाटलीला एखादी हासडत आणि मला खोकवत. हसताना होणारी कळ सोसवते, हे मला तेव्हा कळलं. खोकल्याची धास्ती गेली. पुढे बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. एक्स-रेत फुप्फुस पूर्ण उघडलेलं दिसलं. डॉक्टरांनी नळी काढली, ऑक्सिजनही काढला. ऑपरेशन टळलं.

घरी निघताना सासूबाई पिशवी भरत होत्या. मला चेष्टेची लहर आली. "आई, कोर्टात सांगतो सगळ्यांना, सासूने शिव्या घालून उठवलं म्हणून."

त्या हसल्या नाहीत. टॉवेलाची घडी घालत राहिल्या. "ह्यांना दम लागायचा शेवटी," त्या सासऱ्यांबद्दल म्हणाल्या. ते गेले तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. "तेव्हा कुणी मला काहीच करायला सांगितलं नाही. नुसती हात धरून बसले होते मी. सिस्टर बोलल्या तेव्हा वाटलं, ह्या खेपेला आपल्याजोगतं काहीतरी आहे."

मी त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन पिशवीत ठेवला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "घ्या बघू एक मोठा श्वास. मला बघू दे."

मी घेतला. त्यांचं समाधान होईना, म्हणून आणखी एक घेतला.