बंदुकीचं नारिंगी टोपण

कुवेतमध्ये सालमियात राहणाऱ्या सुहासिनी गोगटेला मराठी मंडळात सगळे ‘डायरेक्टरबाई’ म्हणत, निम्मे कौतुकानं आणि निम्मे धाकानं. घरातला मिक्सर बंद पडला तरी चालेल, पण मंडळाचं वार्षिक नाटक पडता कामा नये, असा तिचा बाणा.

गेल्या वर्षी नाटकातला बाप मेला आणि त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. बापानं मेल्या मेल्याच तो बंद केला. हॉल हसून लोळला. तेव्हापासून तिनं एकच घोकलं होतं: यंदा शेवटच्या प्रसंगात कुणी दात काढता कामा नये.

यंदाचं नाटक सैनिकांचं. शेवटी जवान मेलेल्या मित्राला बंदूक उंचावून मानवंदना देतो. बंदूक खेळण्यांच्या दुकानातली, लांबून अगदी खरी वाटणारी. फक्त नळीच्या टोकाला, खेळणं आहे हे कळावं म्हणून, भडक नारिंगी टोपण.

“आई, इट लुक्स लाइक अ कॅरट,” उर्वी म्हणाली.

झालं. सुहासिनीला आता पोरगी सोडा, सगळा हॉल गाजर म्हणताना ऐकू यायला लागला.

“अहो, काळा रंग फासा त्याला.”

“रंग उडतो, सुहास. टोपणच बदलू,” दीनानाथ म्हणाला. शुऐबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता आणि घरातल्या बल्बलाही कारखान्याचीच शिस्त लावायचा. “पण वाटेत पोलिसांनी बघितली तर काय सांगायचं? अरबीत नाटकाला काय म्हणतात?”

“उर्वीचा गुलाबी मोजा घाला वरून. गुलाबी मोजेवाल्याला कोण पकडतंय?”

शुक्रवारी दीनानाथ डोळ्यांना गॉगल आणि हातात जाड मोजे चढवून जेवणाच्या टेबलाशी बसला. भोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधली.

“दोरीच्या आत यायचं नाही. आधी बंदूक रिकामी आहे का ते तपासतो.”

“प्लॅस्टिकची आहे हो ती!”

“प्रोसीजर म्हणजे प्रोसीजर.”

“आणि मी स्वयंपाकघरात जाऊ कुठून? उडत?”

टोपण डिंकानं घट्ट बसलेलं. त्यानं सुहासिनीचा हेअर ड्रायर नळीवर धरला, पकडीनं पिळलं आणि टोपण मोडूनच आलं. आता परतीची वाट नव्हती. मग त्यानं लेथवाल्याकडून खास घडवून आणलेलं, काळा रंग दिलेलं भरीव पितळी टोपण दोन भाग कालवून करायच्या गोंदानं पक्कं चिकटवलं.

“वीस वर्षं हलणार नाही,” तो म्हणाला.

सुहासिनीनं बंदूक उचलली. “केवढं जड हे! वरवंटा बसवलात की काय?”

प्रयोगाला ती विंगेत उभी होती. शेवटचा प्रसंग आला. जवान झालेल्या परीक्षितनं तिरपी बंदूक उंचावली. आणि ड्रायरनं आधीच कमकुवत झालेली नळी, वर दिव्यांची धग, टोकाला ते पितळ... नळी हळूहळू वाकू लागली. तहानलेल्या उंटासारखी. सुहासिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आता हॉल हसणार. आता.

परीक्षितनं तिरक्या डोळ्यानं पाहिलं. काय करावं ते न सुचून त्यानंही नळीबरोबर मान खाली घातली.

पण हसलं कुणीच नाही. मग मागून एक हुंदका आला आणि पाठोपाठ नाकं शिंकरल्याचे आवाज.

पडदा पडल्यावर मंडळाच्या अध्यक्ष ज्ञानदाताई तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “अगं, बंदुकीनंसुद्धा मान खाली घातली! मला रडूच आवरेना. सुचलं कसं गं तुला?”

“त्याचं असं झालं,” दीनानाथ पुढे सरसावला, “प्लॅस्टिकला एकदा हेअर ड्रायरनं...”

सुहासिनीनं ताटलीतला अख्खा बटाटेवडा त्याच्या तोंडात कोंबला.

“खूप विचार केला हो ताई,” ती डोळे टिपत म्हणाली. “आम्ही दोघांनी.”