बेडसे दुसऱ्यांदा सोडलं

अशोकने माझी पिशवी ओट्यावरून उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली. मग म्हणाला, "काकी, पुन्यांदा हितं यायचं न्हाई. तुमचा आमचा संबंध संपला."

अशोक माझा पुतण्या. लहानपणी त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा दोन वर्षं त्याला मीच जेवू घातलं. त्याची बायको मंदा दारात खाली मान घालून उभी होती. त्यांची मुलगी करुणा आत होती. मी तिला हाक मारली. ती बाहेर आली नाही.

शेजारच्या ओट्यावर चार बाया बसल्या होत्या. कुणी पाणी विचारलं नाही. जीप येईपर्यंत त्यांच्यासमोर उभं राहवेना, म्हणून कामशेतच्या रस्त्याने चालत निघाले.

त्याआधी बेडसे मी एकदाच सोडलं होतं. नवरा गेला, मुलगा मिलिंद देहूरोडला डेपोत नोकरीला होता, तो न्यायला आला. तेव्हा निम्मी आळी सोडायला आली होती. कुणी इंद्रायणीचे तांदूळ दिले, कुणी सुकट. मंदा तर रडली.

गाव सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या बायांनो, पुढचं तुम्हाला माहीत आहे. सकाळी नऊला मिलिंद आणि सून सुजाता दार ओढून जातात आणि संध्याकाळी सहाला येतात. मधल्या वेळात तिसऱ्या मजल्यावर नळाचा आवाज तेवढा. समोरच्या घरात कोण राहतं ते मला वर्षभर कळलं नव्हतं. गावात मी भांडायला तरी बाहेर पडायचे.

पुढे आम्ही जे सुरू केलं त्याला क्लब हा शब्द सुजाताचा. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "आई, दिवसभर फोनच बघता, तर त्यावर काहीतरी कामाचं करा." मग मी गावातून बाहेर पडलेल्या सातजणी गोळा केल्या, माझ्यासकट आठ. कुसुम लोणावळ्यात नर्स, वनिता तळेगावात बँकेत, बाकीच्या अशाच कुठे कुठे. पैसे कुणी घ्यायचे नाहीत. दर रविवारी दुपारी तीन वाजता व्हिडिओवर जमायचं आणि बेडशाच्या अकरा मुलींना जे येतं ते शिकवायचं. कुसुम अंगावरचं, पाळीचं बोलायची. वनिता फॉर्म भरायला शिकवायची.

मी काय शिकवणार? चौथी झाल्यावर आईने मला शाळेतून काढलं. म्हणाली, "सही येती न्हवं? बास झालं. म्हस काय तुझं बुक बघून दूध देती व्हय?" म्हणून मी ऐकायचं काम घेतलं. रोज दुपारी एकेक मुलगी फोन लावून मला धडा वाचून दाखवायची. एखाद्या शब्दावर ती अडली की मीही अडलेली असायचे. मग ती दोघींसाठी शोधून काढायची.

समाजसेवा वगैरे लोक नंतर म्हणाले. मला माणसाचा आवाज पाहिजे होता, म्हणून मी ते केलं.

करुणा गोठ्यात बसून वाचायची. एकदा मधेच थांबली आणि हळूच म्हणाली, "आजी, सोमाटण्याचं स्थळ आलंय. बाबा व्हय म्हणालेत. मला नर्सिंगला जायचंय."

"किती पूर्ण झाली तुला?"

"सतरा. पण आजी, कुणाला सांगू नका. बाबा फोन काढून घेतील."

"न्हाई सांगत," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि पाच मिनिटांत सांगितलं. मला टाईप करायला फार वेळ लागतो, म्हणून क्लबच्या बायांच्या ग्रुपसाठी बोलूनच पाठवलं. "करुणाला सतरा झालीत आन् अशोक तिचं सोमाटण्याला लगीन लावतोय. पोरगी न्हाई म्हणती. कुसुम, नर्सिंगचा फॉर्म बघ. ऐकलं न्हाई तर मी पोलिसात जाईन."

फोनवरचे ग्रुप मी फोटोवरून ओळखते. क्लबला मी आमच्या लेण्यांचा फोटो लावला होता. गावाचा ग्रुप आहे, ज्यात विहारातल्या पौर्णिमेच्या कार्यक्रमाचे निरोप येतात, त्यालाही लेण्यांचाच फोटो. बेडशाचा माणूस दुसरा कसला लावणार?

कुसुमचा फोन आला. "मावशी, काय केलंत! गावात गेलं ते! उडवा, उडवा लवकर!"

"कुटं दाबू?"

"त्याच्यावर बोट धरून ठेवा!"

"धरलंय की! त्ये परत बोलाया लागलं!"

ते उडेपर्यंत सगळ्या गावाने ऐकलं. नवऱ्यामुलाची आत्या आमच्याच गावात दिलेली. तिने ते सोमाटण्याला ऐकवलं. त्यांनी त्याच दिवशी कळवलं, पोलिसांचं लफडं आम्हाला नको. लग्न मोडलं.

अशोकने करुणाचा फोन काढून घेतला. बाकीच्या दहा बापांनीही तेच केलं. पुढच्या रविवारी तीन वाजता पडद्यावर आम्ही आठ बाया आणि मुलगी एकही नाही. वनिता म्हणाली, "कुणी म्यूटवर आहे का?" कुणी म्यूटवर नव्हतं.

त्यानंतर मी माफी मागायला गेले. तेव्हा पिशवी रस्त्यावर आली.

पुढे मंदाने गुपचूप कुसुमला फोन करून नर्सिंगचा फॉर्म भरून घेतला. मला फोन केला नाही. दुसरं स्थळ येईना, तेव्हा अशोकही गप्प बसला. करुणा आता तळेगावात शिकते. माझ्या घरापासून लोकलने काही स्टेशनं. ती आलेली नाही. मीही गेले नाही. तिला शब्द दिला होता, तो मी मोडला. लोक म्हणतात, मावशी, तुमच्यामुळे पोरगी वाचली. लग्न माझ्या चुकीने मोडलं, शहाणपणाने नव्हे. निरोप बरोबर ग्रुपवर गेला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही.

घर म्हणजे काय, असं सुजाताने एकदा शाळेच्या निबंधासाठी विचारलं. मी म्हणाले, जिथे जाऊन न विचारता बसता येतं ते. मग मला कुठलंच नाव सांगता येईना. इथे मला ऊठ म्हणत नाहीत, तेवढं खरं.

क्लब चालू आहे. आठातल्या चारजणी उरलो. दुसऱ्या गावांच्या सहा मुली येतात, बेडशाची एकही नाही. मी अजून ऐकायचंच काम करते. करुणा दुसऱ्या वर्षाला आहे. अशोक आणि मंदा बेडशात आहेत. मी देहूरोडला आहे.