न मोजता ओके

कुपवाडच्या आमच्या कारखान्यातला फोरमन लेथवरून कातून उतरलेला लोखंडी जॉब एक डोळा मिटून उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "ओके हाय, सोडा." मायक्रोमीटर खिशात असायचा, पण शोभेपुरता. मी क्वालिटीला होतो. त्याचे निम्मे जॉब परत पाठवायचो, आणि तो ऑपरेटरला झापायचा. असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेलच.

लग्नाला सात वर्षं होऊन त्याला मूल नव्हतं. सांगलीच्या डॉक्टरांनी वीर्य तपासायला बाटली दिली, घरून भरून आणा म्हणाले, तशी याची मिशी खाली आली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला कारखान्याच्या संडासामागं ओढून म्हणाला, "गड्या, तुला दोन पोरं हायत. तुझं काय जातंय?"

"आणि तुझं?"

"माझं ओके हाय रं. उगं तपासायचं कशाला?"

एवढा आडदांड गडी, बोटभर बाटलीला भ्याला. मला हसू आवरेना. आणि, सांगायला लाज वाटते, मी ती भरून दिली. बनियनमध्ये उबेला धरून तो गाडीवरून सांगलीला गेला.

आठवड्यानं टपरीवर त्यानं सगळ्यांना रिपोर्ट दाखवला. निर्लज्जानं मलाही दाखवला. माझाच रिपोर्ट, वर त्याचं नाव.

मग बायकोचे हाल सुरू झाले. इंजेक्शनं, दुर्बिणीची तपासणी, पोटाला टाके. शेजारणी तिला डोहाळजेवणाला बोलवेनात. हा दारात उभा राहून सांगायचा, "आमचं ओके हाय, हिच्यातच खोट." शेवटी सोडचिठ्ठी देऊन तिला वडूजला माहेरी धाडलं, दुसरी केली आणि फलटणकडं नोकरी धरून गेला. कारखान्यात त्याची आठवण कुणी काढत नाही. मी काढतो, शिव्या घालायला.

गेल्या महिन्यात मात्र राहवेना, वडूजला गेलो. ती भावाच्या शेळ्यांना पाला टाकत होती. मान खाली घालून मी सगळं सांगितलं.

"त्येनं बाटली घरातनं रिकामीच नेली, ते मी बघितलं हुतं," ती म्हणाली. "कुणाकडनं भरली तेवढं ठावं न्हवतं. खरं भाईर आलं असतं तर त्यो जगला नसता, म्हणून गप बसले."

तिनं हातातला पाला शेळ्यांपुढं टाकला.

"त्यो भ्याला हुता, भावजी. तुमाला तर दोन पोरं हायत. तुमी कशापायी केलंत?"

मला त्या दिवशी गंमत वाटली होती, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.