खुंटी नंबर चौदा

आजवर मी केलेल्या आंदोलनांपैकी एकच पूर्ण यशस्वी झालं, आणि ते माझ्याच विरुद्ध होतं.

मी कार्यकर्ता आहे. आमच्या भागात कुठंही अन्याय व्हायचा असला तर तो होण्याआधी माझं पत्रक तयार असतं. एसटी वेळेवर येत नाही, पत्रक. पाण्याची टाकी गळते, पत्रक. टाकी दुरुस्त झाली, तर इतके दिवस का लावले म्हणून पुन्हा पत्रक. "जाहीर निषेध" हे दोन शब्द मी इतक्यांदा लिहिलेत की मोबाईलवर नुसतं "जा" दाबलं तरी पुढचं आपोआप उमटतं. (मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा घरच्या ग्रुपवर मला "जागा छान मिळाली" असं लिहायचं होतं. गेलं भलतंच. मावशी अजून बोलत नाही.)

अशा माणसानं पळायच्या भानगडीत पडू नये. पण भोकरदनच्या पलीकडच्या डोंगरात फेब्रुवारीत पस्तीस किलोमीटरची शर्यत होती. डांबरी रस्त्यावरची नव्हे, पायवाटेची. म्हणजे चढ, उतार, ओढे आणि बोरीचे काटे. आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून थोडं आत. गावातले आम्ही तिघं तयार झालो. एक मी. दुसरा माझा वर्गमित्र संत्या, रस्त्याच्या ठेकेदाराकडं साईटवर कामाला. तिसरी सुजाता, शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षिका. संत्या म्हणाला, जाऊ. सुजाता म्हणाली, तयारी करावी लागेल. मी म्हणालो, पत्रक काढू. काढलंसुद्धा: "हे धावणं नव्हे, ही चळवळ आहे!" गावभर वाटलं, आणि मागं फिरायची सोय स्वतःच्या हातानं बंद केली.

सराव कालव्याच्या कडेनं सुरू झाला. तेरा किलोमीटरपर्यंत मी ठणठणीत असायचो. चौदाव्याला आतून एक आवाज यायचा. एकदम शांत, समजूतदार आवाज. तो म्हणायचा, बस. मी बसायचो.

"तू पळायला न्हाई, ठिय्या द्यायला येतो," संत्या म्हणाला.

सुजाताचं निदान वेगळं होतं. सपाटीवर पळून डोंगर चढता येत नसतो, खडबडीत वाट पाहिजे, असं तिचं म्हणणं. संत्यानं जबाबदारी घेतली. टेकडीवरून, ओढ्यातून, शिवारातून चौदा किलोमीटरची वाट तो खुणा करून आखून ठेवणार होता. आम्ही फक्त पळायचं. ठराव एकमतानं मंजूर झाला. सुजाता कसल्या तरी प्रशिक्षणासाठी जालन्याला गेली, आणि मी अंबडला एका कचेरीपुढं तीन दिवस बसायला गेलो. (बसायचा सराव कधी चुकवू नये.)

चौथ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं परतलो, तर थांब्यावर अण्णा उभे. अण्णा म्हणजे माझे वडील. मी तुरुंगातून सुटून आलो असतो तरी ते थांब्यापर्यंत आले नसते. त्यांनी माझी पिशवी हातात घेतली आणि म्हणाले, "पक्या, बाग चालली."

आमची मोसंबीची बाग आहे. नऊ वर्षांची. एका उन्हाळ्यात अण्णांनी तिला टँकरच्या पाण्यावर जगवलं. त्या वर्षी घरातल्या माणसांना आंघोळीची पाळी लावली होती, झाडांना नव्हती. मृग बहाराची फळं उतरायला आली होती, आठ दिवसांत तोडणी. आणि त्या बागेच्या बरोबर मधून, झाडांच्या दोन ओळींतून, लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी गेलेली. मध्येमध्ये लाकडी खुंट्या. खुंट्यांवर लाल रंगात आकडे. अलीकडच्या ओढ्यापाशी तेरा. बागेत पाण्याच्या मोटारीजवळच्या सगळ्यात मोठ्या झाडाखाली चौदा.

आमच्या जिल्ह्यात अशी पट्टी दिसली की लहान पोरालाही कळतं, की आता यावरून डांबर येणार.

"म्या समदं चालून बघितलं," अण्णा म्हणाले. "देवळापासनं निघती, टेकडीवरून येती, आन बराबर आपल्या बागेत शिरती."

मी खुंटीची पाहणी केली. (कार्यकर्त्याची पाहणी चार सेकंदांत होते.) मग गंभीर आवाजात म्हणालो, "अण्णा, महामार्ग हाय. गुपचूप मोजणी करून राह्यले. पर तुम्ही काळजी करू नका. बागेच्या एका पानाला हात लागू देणार न्हाई."

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच. त्या हातासाठी मी समुद्रसुद्धा अडवला असता. इथं तर नुसती पट्टी होती.

पत्रक तासाभरात तयार. "गुप्त महामार्गाचा डाव हाणून पाडा! एक इंचही पुढे सरकू देणार नाही!" सकाळी पिंपळगावात झेरॉक्स मारल्या आणि आठवडी बाजारात वाटल्या. दुपारपर्यंत सगळं शिवार पेटलं, फक्त मी म्हणत होतो त्या दिशेनं नाही. निम्म्या गावाला महामार्ग नको होता. उरलेल्या निम्म्याला तो आपल्याच शेतातून हवा होता, कारण वावर गेलं तर मोबदला येतो. पट्टीच्या कडेनं एका दिवसात शेवग्याच्या फांद्या रोवल्या गेल्या, म्हणजे मोजणीत झाडं दिसावीत. नामदेवभाऊंनी वीस वर्षं कोरड्या असलेल्या विहिरीला चुना दिला आणि बाजूला ओला दोर टाकून ठेवला.

माझ्या चुलतीनं तर कमाल केली. पट्टी काकूच्या रानाला चाटून, पण बाहेरून गेली होती. काकूनं नऊ नंबरची खुंटी उपटली आणि आपल्या रानाच्या मधोमध ठोकली. मी तिथं पोचलो तेव्हा ती दहा नंबरच्या खुंटीला हात घालत होती. मी तिला समजावलं, की ही सरकारी खुंटी आहे, हलवणं गुन्हा आहे.

"मंग सरकारनं घट्ट ठोकायची व्हती," काकू म्हणाली.

तिचं बघून बाकीचेही लागले. ज्याला रस्ता हवा तो खुंटी ओढून घ्यायचा, ज्याला नको तो शेजाऱ्याकडं ढकलायचा. दोन दिवसांत तो महामार्ग असा काही वळला होता की त्यावरून बकरीसुद्धा विचार करून गेली असती. फक्त आमच्या बागेतली चौदा नंबरची खुंटी कुणी हलवली नाही, कारण तिला मी स्वतः आंदोलनाचा फलक बांधला होता.

मध्ये तलाठीसाहेब येऊन गेले. भला माणूस. शांतपणे म्हणाले, "प्रकाशराव, माझ्याकडं असल्या मोजणीचा कागदच नाही." मी लगेच दुसरं पत्रक काढलं: "कागद दडपला!"

तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत ठिय्या. पन्नास-साठ माणसं जमली. एवढी माणसं माझ्या हाकेला आजवर कधीच आली नव्हती, त्यामुळे मी स्वतःवरच खूश होतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, झाडांच्या सावलीत सगळे बसले. मी कर्णा हातात घेतला. भाषण रंगलं. ऊन वाढलं. घोषणा देऊन एका म्हाताऱ्या आजोबांचा घसा कोरडा पडला, आणि डोक्यावरच हाताच्या अंतरावर मोसंबी लटकत होती. त्यांनी एक तोडली. घशाच्या कारणासाठी तोडली, त्यामुळे मी भाषण चालू ठेवलं. मग शेजाऱ्याचाही घसा कोरडा पडला. दहा मिनिटांत पूर्ण आंदोलनाचा घसा कोरडा पडला. मी कर्ण्यातून ओरडत होतो, "या बागेचं रक्षण करा", आणि समोरून "करू!" असं उत्तर येत होतं, पण सगळ्यांची तोंडं भरलेली असल्यामुळे ते जरा पातळ ऐकू येत होतं.

अण्णा सालींच्या ढिगातून वाट काढत माझ्याकडं आले.

"पक्या, त्यो महामार्ग कवा येणार हाय?"

"का, अण्णा?"

"न्हाई, लवकर आला तर दोन-चार फळं वाचतील."

तेवढ्यात बांधाकडून आरडाओरडा झाला. पट्टीच्या कडेकडेनं कुणीतरी पळत येत होतं. मोजणीवाले आले, असं समजून आजोबांनी हातातली मोसंबी उगारली. पण आली ती सुजाता. घामानं निथळत होती, केसांत शेवग्याचा पाला अडकलेला, पिंढरीवर काट्यांचे ओरखडे. गर्दीतून ती सरळ चौदा नंबरच्या खुंटीपाशी आली, खुंटीला हात लावला, घड्याळ थांबवलं आणि वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली.

"संत्या चौदा म्हणला व्हता," ती धापा टाकत म्हणाली. "एकोणीस भरले. आन काकूच्या रानात तीन चकरा कशापायी मारायच्या, हे तर मला बिलकुल कळलं न्हाई."

सगळ्यांची तोंडं चावायची थांबली. फक्त आजोबा चोखत होते.

सुजातानं मान वर केली, साठ माणसं पाहिली, सालींचे ढीग पाहिले, माझ्या हातातला कर्णा पाहिला. "प्रकाश, तू पळालाच न्हाई का? वाट तर तुझ्यासाठीच आखली ना."

तलाठीसाहेब मागं उभे होते. ते पुढं आले, माझा फलक त्यांनी सोडला, खुंटी उपटली आणि उलटी केली. मागच्या बाजूला संत्याच्या गिचमिड अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. साहेबांनी ते सरकारी आवाजात मोठ्यानं वाचलं.

"पक्या, इथं बसायचं न्हाई."

त्या क्षणी बागेत साठ माणसं बसलेली होती.

मी मोबाईल काढला. पळायचा ग्रुप मी आवाज बंद करून ठेवला होता, कारण तिथं रोज केळी किती खावीत यावर चर्चा चालायची. संत्याचा सहा दिवसांपूर्वीचा निरोप होता: "वाट आखली. साईटवरची उरलेली पट्टी वापरली. म्या आता आठ दिस लांबच्या साईटवर हाय. शेवट अण्णांच्या बागेत, मोटारीपाशी, पाणी प्यायला बरं पडंल. बागेतून पळताना फळाला धक्का लावू नको."

लोक उठले. मला वाटलं मारतील, पण हात कुणी उगारला नाही. एकेक जण शांतपणे निघून गेला, प्रत्येकाच्या खिशात दोन-दोन फळं. (महामार्ग आला असता तर झाडांच्या दोनच ओळी गेल्या असत्या. बाग वाचवण्याच्या आंदोलनानं आठ ओळींची फळं खाल्ली.) काकू मात्र हलेना. "माझ्या शेवग्याला आता पाणी कोण घालणार?" असं तिनं विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

संध्याकाळी अण्णांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर मी निषेध तरी केला असता. त्यांनी एवढंच सांगितलं, की शर्यतीला जा. पुरी केलीस तर खुशाल पत्रकं काढ. नाही केलीस, तर पुढचा बहार उतरेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही, बागेत खुरपायला यायचं.

तीन आठवडे मी जिवाच्या आकांतानं सराव केला. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन टेकडी चढायची, उतरायची, काकूच्या शेवग्याला पाणी घालायचं. काकू बांधावर बसून सांगायची, "त्या तिकडच्याला इसरला." डोंगरात पळायचं तर पायांत ताकद लागते, असं सगळे सांगतात. आधी मोबाईलवरचे निरोप वाचायची ताकद लागते, हे कुणी सांगत नाही.

शर्यतीच्या दिवशी संत्या पहाटेच पुढं पळाला, सुजाता त्याच्याही पुढं. मी माझ्या चालीनं दहा, अकरा, बारा. तेरा झाले तरी ठणठणीत. आतला आवाज आलाच नाही. मला वाटलं, जिंकलो. आता पत्रक काढायचं, मथळासुद्धा सुचला. मग वाट वळली, एक कडुलिंबाचं झाड आलं, गार सावली आली, आणि सावलीत अण्णा उभे. संत्याच्या मोटारसायकलवरून आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते म्हणे. शेजारी, दगडानं घट्ट ठोकलेली, चौदा नंबरची खुंटी. लिहिलेली बाजू माझ्याकडं.

"वाच," अण्णा म्हणाले.

"वाचलं."

"मंग?"

मी खुंटीकडं बघितलं. खुंटी खरंच घट्ट ठोकली होती. अण्णांचं काम असंच असतं, सरकारसारखं नाही. इतकी घट्ट, की टेकायला एकदम सोयीची.

अण्णांनी एक सुस्कारा सोडला, माझ्या शेजारी बसले, खिशातून मोसंबी काढली आणि सोलून निम्मी माझ्या हातावर ठेवली. आंदोलनातून वाचलेली होती. फारच गोड लागली.

सुजाता आणि संत्या दोघांनी शर्यत पुरी केली. मी आता रोज सकाळी सहाला खुरपं घेऊन बागेत असतो. कागदाला हात लावायला बंदी आहे, म्हणून हे मोबाईलवर लिहितोय. आणि कुणी विचारलं, की इतक्या पत्रकांतून शेवटी निष्पन्न काय झालं, तर मी ताठ मानेनं सांगतो: माझी एक घोषणा तरी शब्दशः खरी झाली. त्या दिवशी चौदा नंबरच्या खुंटीपासून मी एक इंचही पुढे सरकलो नाही.