धीर धरण्याचा खर्च

"जिंकलेल्याला सगळं परत मिळत नसतं, जेवढं लागणारच होतं, तेवढंच मिळतं," असं तो एकदा आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाला होता. तिचा घटस्फोट नुकताच मंजूर झाला होता. ती त्याच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडत होती, आणि तिची समजूत घालायला त्याला एवढंच सुचलं. बहिणीने डोळे पुसले, चपला घातल्या. आता कधीमधी तिचा फोन येतो. हवापाण्याचं बोलणं होतं आणि दोघेही हुश्श करून ठेवून देतात.

पण ते वाक्य त्याने मुद्दाम लागेल असं म्हटलं नव्हतं. त्याच्या कामाचं सारच ते होतं.

खटला संपतो तिथे त्याचं काम सुरू होतं. न्यायाधीश निकालाच्या तळाशी लिहितात, 'हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यावा', आणि उठून जातात. किती द्यावा, ते लिहीत नाहीत. ते 'किती' फायलीत बसून चौथ्या मजल्यावर येतं, लांबलचक बोळाच्या टोकाला, त्याच्या खोलीत. खोलीत एक टेबल, दोन्ही पक्षांसाठी खुर्च्या, आणि एक खिडकी, जिच्यातून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते. जिंकलेल्याचा वकील बिल मांडतो, हरलेल्याचा वकील नाक मुरडतो, आणि तो एकेका रकमेवर पेन्सिल टेकवून विचारतो, "याशिवाय चाललं असतं का?"

चाललं असतं, असं दिसलं की रक्कम कापली. कापलेली रक्कम जिंकलेल्याने आपल्या खिशातून भरायची.

वकिलांनी त्याचं नाव 'कात्री' ठेवलं होतं. "त्याच्याकडे सर्दी घेऊन जाऊ नका," ते नव्या वकिलांना सांगत, "एका नाकपुडीवर चालतंय की, म्हणेल." हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याला त्यात फारसं खोटं वाटलं नव्हतं. घरी त्याच्याकडे एक ताट होतं, एक खुर्ची होती. दुसरी खुर्ची होती, ती त्याने शेजाऱ्याला दिली, कारण वर्षभरात तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. संध्याकाळी तो जेवायचा, ताट विसळायचा, दिवा मालवून खिडकीशी उभा राहायचा. समोरच्या घरांत माणसं बोलताना दिसायची, ऐकू यायची नाहीत. चालत होतं.

चष्मेवाल्या बाईंची फाइल आली तीही इतर फायलींसारखीच. बाईंची सारी उमर चष्म्याच्या दुकानात गेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या माघारी वरच्या दोन खोल्या कुणाच्या, यावरून त्या आणि त्यांचा सख्खा भाऊ कोर्टात उभे राहिले. भावाचं त्याच घराच्या खालच्या मजल्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे दोघे शहाणे नव्हते, आणि वरून एका आईची लेकरं, म्हणजे पीळही सारखाच. वर्षानुवर्षं तारखा पडल्या. शेवटी बाई जिंकल्या. खोल्या त्यांच्या, आणि खर्च भावाने द्यायचा.

बिलात एक गोष्ट खटकणारी होती. वकिलाने बाईंशी फोनवर केलेल्या बोलण्याचे पैसे लावले होते, आणि असे फोन पानंच्या पानं होते. प्रत्येकासोबत टिपण होतं. 'पक्षकाराने विचारले, पुढे काय होईल. सल्ला: धीर धरावा.' 'पक्षकारास झोप येत नाही. सल्ला: धीर धरावा.' 'भावाने क्षुल्लक रक्कम देऊ केली. पक्षकार म्हणाल्या, घेऊन टाकू का. सल्ला: धीर धरावा.'

त्याने पेन्सिल टेकवली. धीर धरण्याला वकील कशाला लागतो? सगळे फोन एका रेघेत कापले.

ज्याला कापलेलं पटत नाही, त्याने आधी त्याच्याकडेच हरकत घ्यायची असते. त्याने ऐकून घ्यायचं, पुन्हा ठरवायचं आणि कारण लिहायचं. बाई हरकत घेऊन आल्या त्या एकट्याच. वकिलाला आणायचं तर त्याचेही पैसे झाले असते. कापलेली रक्कम महिनाअखेर वकिलाला द्यायची होती. नाहीतर जिंकलेल्या खोल्या विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हे त्यांनी बसता बसताच सांगून टाकलं.

समोर भाऊ आणि भावाच्या वकीलबाई बसल्या होत्या. भावाच्या बोटांना लोखंडाचा काळपटपणा होता.

"साहेब," वकीलबाई म्हणाल्या, "यातल्या निम्म्या फोनांत खटल्याचं नावसुद्धा नाही. यांना गप्पा मारायच्या होत्या. गप्पांचे पैसे माझ्या पक्षकाराने का भरावेत?"

"बाई, हे फोन केले नसते तर चाललं नसतं का?" त्याने विचारलं.

"कोणाशी बोलणार होते मी?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "घरात एरवी बोलायला हाच होता. आणि खटला तर याच्याशीच."

"तुला कोणी सांगितलं होतं खटला कर म्हणून?" भाऊ पुटपुटला.

"तू कुलूप बदललंस ना जिन्याचं? इतकी वर्षं मागच्या शिडीने वर जातेय मी. स्वतः किल्लीवाला, आणि बहिणीला एक किल्ली देववली नाही तुझ्याच्याने!"

"दुकानातलं कुलूप होतं ते. महागाचं."

"ऐका साहेब! मला बाहेर ठेवायला महागाचं वापरलं, म्हणजे मानच दिला म्हणायचा."

वकीलबाई हसू दाबत कागद चाळू लागल्या. बाई पुन्हा त्याच्याकडे वळल्या. "मध्यंतरी याने चार कवड्या देऊ केल्या. मी घेणार होते. तारखांनी जीव आंबला होता. प्रत्येक वेळी वकील म्हणायचे, थोडं थांबा. ते नसतं ऐकलं तर मी कधीच सही करून मोकळी झाले असते. मग कसला निकाल आणि कसलं काय?"

त्यावर भाऊ एकदम बोलला. "वर बोलण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, हिच्याकडे कोणीतरी आलंय. मी तेवढा वेळ किल्ल्या घासायचं यंत्र बंद ठेवायचो."

"तुम्ही गप्प बसा हो!" वकीलबाई कुजबुजल्या. "स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला?"

त्याने सगळं ऐकून घेतलं. नियम त्याला पाठ होता: शंका असेल तिथे देणाऱ्याच्या बाजूने झुकायचं. एकीच्या एकटेपणाचा भुर्दंड दुसऱ्यावर घालता येत नाही. कपात कायम, असं त्याने सांगितलं. बाई उठल्या, "मग मी वर जाते न्यायाधीशांकडे," म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या.

आता कारण लिहायचं होतं. अशा वेळी लिहायचं वाक्य त्याच्याकडे तयार असे: 'खटल्यासाठी अनावश्यक.' त्याने ते लिहिलंही, पण सही होईना. अनावश्यक होतं हे त्याला कुठून कळलं? बाई तर म्हणत होत्या, या फोनांशिवाय खटला टिकलाच नसता. त्याने कोणाच्या मापाने मोजलं होतं? न्यायाधीशांना खोटं कारण द्यायचं नसतं, हेही त्याच्या कामाचंच सार होतं. त्याने कागद फाडला. बराच वेळ बसून दुसऱ्या कागदावर एक ओळ लिहिली, घडी घातली आणि शिपायाकडे दिली.

"एवढंच, साहेब?" शिपाई म्हणाला. "आज कारणालाही कात्री?"

न्यायाधीशांसमोर फेरतपासणी झाली तेव्हा त्याला हजर राहायला सांगितलं होतं. खाली मोठ्या दालनात लाकडी बाकांवर इतर खटल्यांची माणसं दाटीवाटीने बसली होती. तो बाजूला, कारकुनांच्या टेबलामागे उभा राहिला. न्यायाधीशांनी कागद उघडला, चष्मा वर सरकवला आणि नेहमीच्या सुरात मोठ्याने वाचलं: "'या फोनांशिवाय चाललं असतं असं मला वाटलं, कारण माझं तसंच चालतं.'"

मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. मग तेही थांबलं. न्यायाधीशांनी ओळ पुन्हा एकदा मनात वाचली असावी. त्यांनी मान वर केली ती त्याच्याकडे न पाहता.

"हे कारण कायद्यातलं नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मघापेक्षा खाली आला होता. "प्रश्न तपासणाऱ्याचं कसं चालतं हा नाही. या बाईंना, त्या परिस्थितीत, खटला शेवटाला नेण्यासाठी काय लागलं, हा आहे. तारखांच्या आधीचे आणि तडजोडीच्या वेळचे सगळे फोन मंजूर. निव्वळ झोपेबद्दलचे नामंजूर राहतील. बाई, उरलेलं तुम्हाला भरता येईल?"

"थोडं थोडं करून येईल," बाई म्हणाल्या. "खोल्या नाही विकाव्या लागायच्या."

भावाच्या वकीलबाईंनी खांदे उडवले. भाऊ मात्र हरल्यासारखा दिसत नव्हता. तो बहिणीला हळूच काही विचारत होता, बहुधा जिन्याच्या कुलपाबद्दल, कारण ती फणकाऱ्याने म्हणाली, "दोन किल्ल्या हव्यात, एक नाही."

शिरस्तेदाराने पुढच्या खटल्याचा पुकारा केला. माणसं उठली, बसली. बाई जाता जाता कारकुनांच्या टेबलापाशी थांबल्या. आयुष्यभर लोकांना भिंगं लावून बघायला सांगणारी ती नजर त्याच्यावर ठरली. तिच्यात राग नव्हता; असता तर बरं झालं असतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमचं खरंच चालतं का हो?"

भाऊ दाराशी खोळंबला होता. कारकुनाची लेखणी थांबली होती. त्याने टेबलावरची फाइल उचलली, तिची नाडी बांधायला घेतली, अर्धवटच सोडली. मग बाईंच्या बाजूने वाट काढत, बाकांमधून, कोणाकडेही न बघता तो दालनाबाहेर निघून गेला.