बाबांनी उशिरा दिलेली साक्ष

काल सकाळी माझे सासरे गेले.

घटस्फोट झाला की सासरे उरत नाहीत म्हणतात. माझे उरले.

रेल्वेतून रिटायर झालेले, रायपूरच्या पुरानी बस्तीत एकटे राहणारे. मी त्यांना शेवटपर्यंत बाबाच म्हणाले.

समीर आणि मी वेगळे झालो, तेव्हा भांडण एकाच गोष्टीचं होतं. आमची मुलगी रेवा कोणाकडे राहणार.

ती पहिलीत होती. समीरची नोकरी पुण्यात, त्याला तिला तिकडे न्यायचं होतं. मी रायपूरच्याच उरला औद्योगिक भागातल्या एका प्लांटमध्ये लॅबला, शिफ्ट ड्युटीवर.

माझी ड्युटी असली की बाबाच रेवाला शाळेतून आणायचे, जेवू घालायचे, मी येईपर्यंत चौबे कॉलोनीतल्या माझ्या घरी थांबायचे.

पण कोर्टात त्यांनी साक्ष दिली नाही. "पोराच्या विरोधात कसा उभा राहू?" एवढंच म्हणाले. मी आग्रह केला नाही.

निकाल समीरच्या बाजूने लागला. आई ड्युटीवर असताना मुलीला बघणारं घरी कोणी नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मी रेवाचे कपडे बॅगेत भरत होते, तेव्हा बाबा आले.

"काय करून राहिली?"

"संपलं बाबा. निकाल लागला."

"काहून संपलं? बिलासपूरले हायकोर्ट आहे ना. अपील कर. मी येतो संगं."

आम्ही दोघं वकील मॅडमकडे गेलो. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. "अपील म्हणजे सगळी गोष्ट नव्याने सांगणं नाही. खाली जे रेकॉर्डवर आलं, त्यावरून निकालात काही चुकलं का, ते वरचे जज बघतात. नवा साक्षीदार सहजासहजी घेत नाहीत. मुदतही थोडी असते. आणि अपील केलं म्हणून निकाल आपोआप थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो."

बाबा म्हणाले,

"म्हणजे मी तेव्हाच बोलाले पाहिजे होतं."

"हो काका. पण तुमची साक्ष घ्या, अशी विनंती तरी करू," मॅडम म्हणाल्या.

स्टे मिळाला. मग प्रत्येक तारखेला बाबा माझ्यासोबत बिलासपूरच्या गाडीत. जेवणाच्या डब्यात बेसनाची तळलेली ठेठरी, ती मॅडमना पण खाऊ घालायचे.

निघायच्या आधी समीरला फोन लावायचे. लपवून काही करायचं नाही म्हणायचे. तो उचलायचा नाही.

हायकोर्टाने निकाल रद्द केला. मुलीला रोज कोण सांभाळतं हे नीट तपासलं नाही, तिच्याशी कोणी बोललं नाही, म्हणून केस परत रायपूरला पाठवली. आजोबांची साक्ष घ्या, मग नव्याने ठरवा. तोवर रेवा माझ्याकडे.

"जिंकलो का?" मी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "आपलं आता पूर्ण ऐकून घेतील, एवढंच."

साक्षीच्या दिवशी समीर समोर बसला होता. त्याच्या वकिलाने विचारलं, "आपका बेटा क्या बुरा बाप है?"

"नहीं साहब. अच्छा लड़का है. बेटी से प्यार करता है." बाबांनी कठडा घट्ट धरला होता. "पर बच्ची यहाँ अकेली नहीं रहती. माँ ड्यूटी पर रहती है, तो मैं रहता हूँ."

बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. समीर समोरून निघून गेला.

नव्या निकालात रेवा माझ्याकडे राहिली. सुट्ट्यांमध्ये समीरकडे.

आता अपील करायचा हक्क त्याचा होता. मुदत संपेपर्यंत मी रोज दिवस मोजत होते. त्याने केलं नाही.

बाबा त्याला फोन लावतच राहिले. एका दिवाळीला त्याने उचलला. मग तो रायपूरला येऊ लागला, बाबांकडे उतरू लागला.

काल तो अग्नी देऊन आल्यावर मी त्याला पहिल्यांदाच विचारलं, "तू अपील का नाही केलंस तेव्हा?"

"वकील म्हणत होता, कर." तो म्हणाला. "पण बाबा खोटं कुठे बोलले होते?"

रेवा आता नववीत आहे. काल ती आम्हा दोघांच्या मध्ये बसून होती. एका बाजूला आई, एका बाजूला बाप.

बाबा, हे तुम्ही केलंत. दोघांनाही न तोडता.

निवांत जा. मनापासून नमस्कार.

तुमची सून