वरचा एक हायड्रा

आमच्या घरी मेंढरं होती तेव्हा आबांचा एक नेम होता. गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी नर आणि मादी एकाच माणसाला विकायची नाही; जोडी मिळाली की तो घरीच पैदास करतो, पुन्हा आपल्या दारात येत नाही. पुढं मेंढरं गेली, शेती आली. मी बारावी नापास होऊन शिरूर-दौंडकडच्या कॉलेजांना बेडूक, गांडुळं पुरवायला लागलो, पण तो नेम सोडला नाही.

माझा खरा माल म्हणजे हायड्रा. दोऱ्याच्या बारक्या तुकड्याएवढा प्राणी, एका टोकाला केसांसारखे हात. धक्का लागला की आक्रसून ठिपका होतो. थंडीत, नितळ संथ पाण्यात, पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेला सापडतो. प्रात्यक्षिकाला तो जिवंत लागायचा, आणि आमच्या भागात कुठं मिळतो हे फक्त मला ठाऊक होतं. घोड नदीच्या अलीकडं एक पडीक विहीर होती. तिथं जाताना मोटरसायकल लांब उसात लपवायचो. बायकोलाही जागा सांगितली नव्हती. त्या विहिरीमुळं प्राध्यापक मला खुर्ची देत आणि भाव मी सांगेन तो असे.

दौंडच्या कॉलेजातल्या सरांवर मात्र माझा जीव होता. मला 'भाऊ' म्हणायचे. एका थंडीत आमच्या रानात हुरड्याला आले. आईनं आगटीजवळ बसवून गरम कणसं चोळून दिली. निघताना मी कॉलेजची मोजून भरलेली बाटली त्यांच्या हातात ठेवली; त्यातला एकही प्रात्यक्षिकातून जिवंत उरत नसे.

"भाऊ, माझ्यासाठी वरचा एक घाला की."

"एकटा घेऊन काय करणार, सर?"

"घरी बरणीत ठेवीन. शोभेला."

"शोभेला मासा पाळा! हा बघायलाच भिंग लागतंय."

दोघंही हसलो. मी एरवी वर मेथीची काडी घालत नाही. त्यांना दिला. जोडी तर दिली नाही, म्हणून निर्धास्त होतो.

पुढच्या थंडीत दौंडहून निरोप आला नाही. शिरूरच्या कॉलेजात गेलो तर तिथला शिपाई म्हणाला, "हायड्रा व्हय? दौंडच्या सरांनी धाडलं बी. तुमी लई भाव खात हुता, आता बसा."

डोकं फिरलं. तसाच दौंडला गेलो आणि प्रयोगशाळेत शिरून ओरडलो, "माझ्या विहिरीवर कुणाला पाठवलंत?"

"कुठली विहीर?" सरांनी शांतपणे खिडकीतली बरणी पुढं ओढली, भिंग दिलं. "बघा."

फांदीला धुमारा फुटावा तसा हायड्राच्या अंगातून दुसरा हायड्रा फुटला होता. पोट दोघांचं अजून एकच. वर्गात शिकवावं तसं सर सांगू लागले. याला जोडी लागतेच असं नाही. पाण्यातले बारीक जीव खायला मिळाले की अंगावर कळी येते, वाढते आणि सुटून वेगळी होते.

"एक पुरतो, भाऊ."

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"पुस्तकातच आहे हो."

"माझा हायड्रा परत द्या."

"घ्या ना. यातला तुमचा कुठला?"

मी भिंग लावून बघत राहिलो. काचेला चिकटलेले सगळे सारखे. मूळचा कोण, त्याच्यातून फुटलेला कोण, कळेना.

विहिरीवर चोरी झाली असती तर मी कुणाची तरी गचांडी धरली असती. पण माझ्या रानात, माझ्या आईच्या हातचा हुरडा तोंडात असताना ते 'शोभेला' म्हणाले, त्याचं काय करायचं?

परतताना विहिरीकडं वळलो. मोटरसायकल उसात घातली नाही. सरळ काठावर उभी केली.